अकरा डिस्क, आठ कुलपं : एका वाटणीचं प्रकरण

जून २०२४. पाऊस अजून आला नव्हता, कूलर फुल स्पीडवर होता आणि नागपूरला त्रिमूर्ती नगरातल्या ताईच्या घरी दिवाणावर अकरा निळ्या डब्या ओळीनं मांडल्या होत्या. थोरल्या भाच्याला पुण्यात, हिंजवडीला नोकरी लागली होती. बॅग भरायला घेतली आणि दोघा भावांत सामाईक असलेल्या वस्तू कोणाच्या, हा प्रश्न निघाला. सायकल, कॅरम, बॅट यांचं पाच मिनिटांत मिटलं. अडलं ते प्लेस्टेशनच्या खेळांवर.

भाऊजी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटण्या नोंदवल्या. स्वतःच्या घरातली पहिली वाटणी व्हिडिओ गेमची निघेल असं त्यांना वाटलं नसावं. चष्मा लावून त्यांनी डब्या मोजल्या.

"एकूण किती आहेत?"

"एकोणीस," थोरला म्हणाला.

"इथं तर अकराच आहेत. बाकीचे आठ?"

"ते डिजिटल आहेत, बाबा."

"म्हणजे कुठं आहेत?"

थोरल्यानं आधी टीव्हीकडे बोट दाखवलं, मग मोबाइलकडे, मग नुसतंच वर.

मी त्या घरचा मामा. नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब लिहितो, त्यामुळे असल्या वेळी कागद-पेन आपोआप माझ्याकडे येतं. हे प्रकरण मी तेव्हापासून वर्षभर टिपून ठेवलं. खेळ डिस्कवर घ्यावा की डिजिटल, म्हणजे नेटवरून उतरवून, यावर पोरं तावातावानं भांडतात, पण त्या भांडणात माणूस एकटा असतो: एक कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन, एक खातं, एक खेळणारा. आपल्याकडे कन्सोल घराचा असतो. दोघं-तिघं तो वापरतात आणि कधीतरी त्यातला एक जण घराबाहेर पडतो. मग कळतं काय कोणाचं होतं ते.

आधी थोडा मागचा इतिहास. २०१८ च्या दिवाळीत पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४, आला. तेव्हा सगळं डिस्कवर, कारण पोरांच्या हाती डेबिट कार्ड द्यायला भाऊजी तयार नव्हते. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या खेळांची देवघेव करणारा एक काउंटर होता. खेळ घ्यायचा, महिन्या-दीड महिन्यात संपवायचा, परत नेऊन द्यायचा आणि वर पैसे टाकून दुसरा आणायचा. येता येता तर्री-पोहे. पोरांचा व्यवहार मला आवडायचा. त्यांना चांगला भाव कधी मिळतो हे माझ्या मालकापेक्षा लवकर कळलं होतं. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, बर्डी बंद झाली आणि हातात शेवटची राहिलेली डिस्क दोघांनी तीनदा संपवली. त्या उन्हाळ्यात पहिला डिजिटल खेळ आला. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरच्या वॉलेटचा कोड विकत घ्यायचा, खात्यात भरायचा, सेल लागला की खेळ उचलायचा. २०२३ च्या सुरुवातीला ५४,९९० रुपयांचा डिस्कवाला पीएस५ आला, पीएस४ विकला. पीएस४ च्या डिस्क नव्या मशीनवर चालतात, म्हणून त्या ठेवल्या. दिवाणावरच्या अकरांपैकी सहा पीएस४ च्या होत्या, पाच पीएस५ च्या.

खातं मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. त्याचीही गंमत त्याच दुपारी बाहेर पडली.

"खातं कोणाच्या नावावर आहे?" भाऊजींनी विचारलं.

थोरला गप्प. धाकटा हसायला लागला.

"बाबा, तुमच्याच."

२०१८ ला थोरला सोळा वर्षांचा. अठरा पूर्ण नसल्यावर मोठ्याच्या खात्याखाली मुलाचं खातं काढावं लागतं, ती भानगड नको म्हणून त्यानं सरळ बाबांचं नाव, बाबांची जन्मतारीख आणि बाबांचाच मोबाइल नंबर टाकला होता. म्हणजे साडेपाच वर्षं भाऊजी झोंबी मारणाऱ्या एका इसमाचे अधिकृत खातेदार होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

ते रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसले. प्रकरण आता त्यांच्या हद्दीत आलं होतं.

"मग सोपं आहे. आठातले चार याच्या नावावर कर. फेरफार घे."

"होत नाही, बाबा."

"काहून होत नाही?"

होत नाही हे खरंच. डिजिटल खेळ घेतला की तो त्या खात्याला चिकटतो. दुसऱ्या खात्यावर सरकवता येत नाही, विकता येत नाही, भेट देता येत नाही. खातंही दुसऱ्याला विकू किंवा देऊ नये असं अटींत लिहिलेलं आहे. आपण 'खरेदी करा' हे बटण दाबतो, पण मिळतो तो वापरण्याचा परवाना. भाऊजींनी मोबाइलवर त्या अटी काढायला लावल्या आणि माझ्या भाच्यांनी कधी वाचला नसेल तो बारीक मजकूर जवळ धरून वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "हा तर भोगवटादार वर्ग दोन झाला."

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातबाऱ्यावर जमीनधारकाचा प्रकार लिहिलेला असतो. वर्ग एकची जमीन मालक मोकळेपणी विकू शकतो. वर्ग दोनची जमीन कसायची, पीक घ्यायचं, पण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करायची नाही. मी इतकी वर्षं या विषयावर पोरांची बडबड ऐकली, पण गोष्ट इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितली नव्हती. दिवाणावरच्या अकरा डब्या वर्ग एक. हवेतले आठ वर्ग दोन. फरक इतकाच की इथं परवानगी मागायला कलेक्टरही नाही.

पण डिस्क म्हणजे तरी काय, हे भाऊजींना बघायचं होतं. धाकट्यानं एक डिस्क काढून मशीनमध्ये सरकवली. घरघर झाली, पडद्यावर पट्टी सरकू लागली.

"हे काय करून राहिलं?"

"कॉपी करून राहिलं, बाबा. सगळा खेळ आतल्या मेमरीत जाते. मग खेळ आतूनच चालते."

"मग सीडी कशाला?"

"ती आत नसली तर सुरू होत नाही. आहे का नाही ते फक्त चेक करते."

पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून इथं जरा थांबतो. डिस्क घेतली म्हणजे जागा वाचते असं नाही. त्या पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीची मेमरी, त्यातली वापरायला ६६७ च्या आसपास. खेळ डिस्कचा असो की डिजिटल, तितकीच जागा खातो. डिस्कचा फायदा इतकाच की पन्नास-साठ जीबी माल नेटवरून ओढावा लागत नाही, डिस्कवरून उतरतो. त्यानंतरचे अपडेट नेटवरूनच. या मशीनची डिस्क १०० जीबीपर्यंत धरते. आणि काही डिस्कवर तेवढंही नसतं: २०२२ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या डिस्कवर फक्त सत्तरेक एमबी निघाल्याची बातमी तेव्हा गाजली होती. बाकीचं सगळं डाउनलोड.

"म्हणजे सीडी हा सातबारा आहे," भाऊजी म्हणाले. "शेत नाही."

धाकट्याला डिस्कची बाजू अशी पडलेली आवडली नाही. त्यानं २०१३ चा तो प्रसिद्ध व्हिडिओ लावला. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन आणताना सांगितलं होतं की कन्सोलनं दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, आणि वापरलेल्या डिस्कच्या देवघेवीवरही बंधनं येणार. लोक खवळले. प्लेस्टेशनवाल्या सोनीनं बावीस सेकंदांची फिल्म टाकली: पीएस४ वर खेळ मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, तो 'थँक्स' म्हणतो, संपलं. १९ जून २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं बेत मागे घेतला. भाऊजींनी ते दोनदा बघितलं. "ताबा दिला," ते म्हणाले. "साक्षीदार पाहिजे होता, पण ताबा दिला."

थोरल्यानं लगेच उलट उदाहरण काढलं. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा खेळ; त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला, म्हणजे आमच्या या बैठकीच्या दोन-अडीच महिने आधी, बंद झाले. तो नेटशिवाय चालतच नसल्यानं डिजिटलवाल्यांचा गेला आणि डिस्कवाल्यांच्या हातात नुसती चकती राहिली.

"गोसीखुर्दमध्ये बुडाल्यासारखं," भाऊजी म्हणाले. "सातबारा हाती, शेत पाण्यात."

आता पैशाचं. मी दोन रकाने मांडले. आठ डिजिटल खेळांना चार वर्षांत मिळून १६,२५० रुपये गेले होते, बहुतेक सेलमध्ये घेतलेले, म्हणजे वाईट भाव नव्हे. आज त्यांची किंमत शून्य. अकरा डिस्कचा भाव धाकट्यानं बर्डीच्या काउंटरला फोन लावून काढला: पाच पीएस५ च्या मिळून ८,६००, सहा पीएस४ च्या मिळून २,८००. एकूण ११,४००. हिशेबाच्या भाषेत एक रकाना शिल्लक माल, दुसरा झालेला खर्च.

पण डिस्कच्या भावांत जरा डोकावलं की गंमत कळते. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' पोरांनी ४,९९९ ला घेतला होता, संपवून तीन महिन्यांत ३,२०० ला विकला. दोघा भावांची करमणूक १,७९९ रुपयांत झाली. उलट सहा पीएस४ डिस्कमध्ये एक 'फिफा २३' होती. घेतली तेव्हा चार हजारांच्या आसपासची. बर्डीवाला म्हणाला, दोनशे. दरवर्षी नवा फुटबॉल येतो, जुना कोणी विचारत नाही. म्हणजे डिस्कची किंमत टिकते ती कथेच्या खेळांची. फुटबॉल-क्रिकेटसारख्या खेळांच्या खेळांची नाही. हे मला त्या दिवशी नुसतं टिपावंसं वाटलं. पुढे तेच कामी आलं.

डिस्कवाल्यांच्या विरुद्धही एक नोंद आहे आणि ती अस्सल नागपुरी आहे. मे २०२३ मध्ये एक डबी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली, गाडी फुटाळा तलावाकाठी उन्हात. संध्याकाळी डबीचं झाकण पापडासारखं वळलेलं होतं आणि डिस्क मशीन आत घ्यायचं, क्षणभर विचार करायचं आणि बाहेर ढकलायचं. ती अकरांत धरलेली नाही. तसं तर मशीनसुद्धा ५ ते ३५ अंशांत चालवावं असं सोनीच्या पुस्तिकेत आहे; आमच्याकडे मेमध्ये ही सूचना वाचून फक्त हसता येतं. आणि अमेरिकेहून आत्तेभावानं आणलेल्या एका डिस्कची कहाणी: खेळ चालला, पण आपल्या इथल्या स्टोअरमधून घेतलेला जादा भाग त्याला जोडला गेला नाही. डिस्क ज्या प्रदेशाची, जादा भागही त्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावा लागतो. आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

खरा निर्णय वेगळाच होता: थोरला पुण्यात स्वतःसाठी कन्सोल घेणार होता. एप्रिलमध्ये भारतात बारका पीएस५ आला होता, डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९०. दहा हजारांचा फरक. डिजिटल घेतला तर अकरा डिस्क त्याला निरुपयोगी. नंतर ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, एवढंच.

मी डिजिटलच्या बाजूनं लिहून दिलं. कारणं मला तेव्हा भक्कम वाटली. दहा हजार रोख वाचतात. पीजीत डब्या ठेवायला जागा नाही, आणि पीजीत वस्तूंना पाय फुटतात. सगळ्यात मोठं म्हणजे ते आठ खेळ. एका खात्यावर 'कन्सोल शेअरिंग' नावाची सोय असते: एका पीएस५ वर ती चालू ठेवली की त्या मशीनवरचे बाकीचे वापरकर्तेही त्या खात्याचे खेळ खेळू शकतात, नेट नसलं तरी. नागपूरच्या मशीनवर ती चालू ठेवायची आणि थोरल्यानं पुण्यात त्याच खात्यानं आत शिरायचं. एकदाच घेतलेले आठ खेळ दोन शहरांत, एकाच वेळी. डिस्कला हे जमत नाही. डिस्क एका वेळी एकाच गावात असते.

भाऊजींना पटलं नाही. "बाजार एकच असला तर भाव कोण ठरवणार? बर्डीत चार दुकानं आहेत. तुझ्या त्या स्टोअरला दुसरं दुकान आहे का शेजारी?" मी म्हटलं सेल लागतात. ते म्हणाले, "सेलही तोच लावते नं?"

तरी मत माझंच चाललं. फूलस्केप कागदावर भाऊजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात वाटणीपत्र लिहिलं. अकराही डिस्क धाकट्याला. आठ खेळांचा भोगवटा दोघांचा, सामाईक. खातेदार स्वतः भाऊजी. कलम चार: ओटीपी रात्री दहानंतर मागू नये. हे कलम विनोद म्हणून लिहिलेलं नव्हतं. खात्याला त्यांचा मोबाइल जोडलेला. नव्या मशीनवर आत शिरताना कोड त्यांच्याच फोनवर येणार. पहिल्याच आठवड्यात पुण्याहून पावणेबाराला फोन आला आणि कलम चारचा भंग झाला.

जुलै-ऑगस्ट ठीक गेले. थोरल्याच्या पीजीचं वाय-फाय रडकं होतं, चांगल्या दिवशी दहा एमबीपीएस. नव्वद जीबीचा खेळ त्या वेगानं उतरवायला सलग वीस तास, तेही मध्ये कोणी मॅच लावली नाही तर. नागपूरला शंभरच्या लाइनवर तेच दोन तासांत होतं. पण उतरवणं एकदाचं असतं. त्याची खरी अडचण रोजची होती: शेअरिंग नागपूरला चालू, म्हणून पुण्याचं मशीन खेळ सुरू करताना नेटवर परवाना तपासून बघायचं. नेट गेलं की स्वतः विकत घेतलेले आठही खेळ बंद. भावाला आपण नेटशिवाय खेळायची सोय दिली आणि स्वतः नेटच्या तोंडाकडे बघत बसलो, असं त्याला वाटू लागलं असणार.

३ सप्टेंबरला तान्हा पोळा होता. नागपूरला सुट्टी, पुण्यात नाही. धाकटा बारावीला, पण त्या दिवशी त्याला सूट दिलेली. सकाळी मित्रांबरोबर महाल भागात मारबतीची मिरवणूक बघायला गेला, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडून घसा बसवून आला, जेवला आणि कन्सोल लावला. मी तिथंच होतो. पडद्यावर खेळांची रांग आली आणि आठ चित्रांवर आठ छोटी कुलपं.

त्यानं एक दाबून बघितलं. दुसरं दाबलं. मग रिमोट तिसऱ्यावर तसाच धरून म्हणाला, "मामा, दादानं काहीतरी करून ठेवलं."

केलं होतंच. रविवारी रात्री पुण्यात नेट आलं तेवढ्या वेळात थोरल्यानं शेअरिंग आपल्या मशीनवर चालू करून घेतलं होतं. ते एका वेळी एकाच पीएस५ वर चालू राहतं. दुसऱ्यावर चालू केलं की पहिल्यावरचं आपोआप बंद. त्याला वाटलं होतं नागपूरला नेट पक्कं आहे, तिथं काही अडणार नाही. पण नागपूरला धाकटा मशीनवर स्वतःच्या नावाचा वेगळा वापरकर्ता काढून खेळायचा, त्या खात्यानं नाही. शेअरिंग गेल्यावर त्याच्यापुरते ते आठ खेळ अस्तित्वातच नव्हते.

फोनवर जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "माझ्या पैशाचे आहेत बे" आणि "माझ्या वाढदिवसाचे पैसे होते त्यात" ही दोन वाक्यं दोन्हीकडून आली आणि दोन्ही खरी होती. साडेपाच वर्षं एका डब्यातून खर्च झालेल्या पैशाला नाव कसं लावणार? डिस्कवर निदान ती कपाटात कोणाच्या कप्प्यात आहे हे दिसतं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुलूप लागलं तेच बरं झालं. बारावी आहे." त्यावर कोणी बोललं नाही.

धाकट्यानं मग उठून कपाटातून एक डिस्क काढली आणि लावली. ती चालली. तिला कोणाला विचारायचं नव्हतं.

संध्याकाळी भाऊजींनी निकाल दिला. शेअरिंग नागपूरला परत, कारण वाटणीपत्रात तसं लिहिलं आहे. थोरल्यानं नेटची स्वतःची सोय करावी. फायबरचा अर्धा खर्च ते देतील. यापुढे आठांत भर घालायची नाही. नवा खेळ ज्याचा त्यानं ज्याच्या त्याच्या पैशानं, आणि घेण्याआधी एकदा दुसऱ्याला विचारायचं.

यानंतर मीही माझा कागद परत काढला. जून २०२५ ला वर्ष झालं तेव्हा हिशेब असा होता. थोरल्यानं डिजिटल मशीन घेऊन दहा हजार वाचवले. नागपूरच्या डब्यांत असलेले तीन खेळ त्याला पुन्हा खेळावेसे वाटले, डिस्क त्याला चालत नाही, म्हणून ते त्यानं सेलमध्ये पुन्हा घेतले: १,९९९, १,४९९ आणि १,१९९. झाले ४,६९७. एक नवा खेळ निघाल्या दिवशी ४,९९९ ला घेतला, दोन संध्याकाळी खेळला, आवडला नाही. डाउनलोड सुरू केलं की परतावा नाही, ही अट त्याला माहीत होती, उत्साहात विसरला. डिस्क असती तर आठवड्याभरात बर्डीला किंवा पुण्यात ३,२०० तरी आले असते. माझ्या दहा हजारांतले २,१०३ उरले. भाऊजींनी हा आकडा दोनदा वाचला आणि सौजन्य म्हणून काही बोलले नाहीत.

धाकट्यानं त्याच वर्षात पाच डिस्क ६,९०० ला विकल्या आणि त्याच पैशात दोन नव्या, तीन जुन्या आणल्या. विकलेल्या डिस्कचे सेव्ह मशीनवर तसेच आहेत. पुढे कधी मित्राकडून ती डिस्क मिळाली तर जिथं सोडलं तिथून सुरू.

पण मी हरलो असंही म्हणणार नाही. आठांत एक क्रिकेट आहे आणि एक फुटबॉल. रविवारी रात्री दोघं आपापल्या शहरात तेच खेळ लावून एकमेकांना हरवतात, एका घेतलेल्या प्रतीवर. ते जर डिस्कवर असते तर दोन घ्याव्या लागल्या असत्या, आणि वर्षानं दोन्हींचे मिळून चारशे आले असते. ज्याची जुन्या बाजारात किंमत तशीही उडून जाणार, तो खेळ डिजिटल घेतल्यानं काहीच जात नाही. हे ते दोनशेवालं फिफा. कथा असलेला, संपणारा, चार महिन्यांनी कोणीतरी दुसरा शोधत येईल असा खेळ डिजिटल घेणं मला आता पैसे टाकणं वाटतं. काही खेळ डिस्कवर निघतच नाहीत, त्याला इलाज नाही. 'ॲलन वेक २' ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला आणि डिस्क वर्षानं निघाली. धाकटा ते वर्षभर थांबला होता. मला ते वेडेपणाचं वाटलं होतं तेव्हा.

त्याच वर्षात इतर बातम्याही येत राहिल्या. २९ जुलै २०२४ ला एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर बंद झालं. निन्टेंडोनं आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्येच मिटली होती. घेतलेलं उतरवून घेता येतं, नवं घेता येत नाही. आणि कॅलिफोर्नियात कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: परवाना विकत असाल तर 'खरेदी' म्हणताना तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. हा मी भाऊजींना मुद्दाम वाचून दाखवला. "सातबाऱ्यावर वर्ग लिहायला लावला म्हणजे," ते म्हणाले. "आपल्याकडे कधीचं आहे."

५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला. धाकटा पास झाला, त्याच महिन्यात अठराचा झाला, आणि त्यानं मोठ्यांचं स्वतःचं खातं काढलं. भाऊजी शेजारी बसले होते.

"जन्मतारीख खरी टाकली का?"

"हो बाबा."

"मोबाइल नंबर?"

"माझाच."

मी दिलेल्या पैशांतून तो बर्डीहून एक नवी डिस्क घेऊन आला होता. वरचा प्लास्टिकचा कागद त्यानं नखानं फाडला, डबी उघडली. भाऊजींनी खिशातलं पेन काढून पुढे केलं.

"आतल्या कागदावर नाव लिही. तारीख टाक. मामाला साक्षीदार घे."

धाकट्यानं पेन हातात घेतलं, मग थांबला. "बाबा, नाव लिहिलं तर बर्डीवाला शंभर रुपये कमी देते."

भाऊजींनी विचार केला आणि पेन परत घेतलं.

"मग पेन्सिलनं लिही."